अन्नाची मांडणी आणि कीटकांची झुंड: प्रयोग चुकू नये म्हणून

पेटीच्या एका कोपऱ्यात सगळे गवत ठेवले, नाकतोड्यांची पिल्ले तिथे जमली, फोटो काढला आणि ‘अन्न एकवटले की झुंड तयार होते’ असे लिहून टाकले. विद्यार्थ्यांचे असे अहवाल मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. मेहनत खरी असते, मोजणीही बरेचदा व्यवस्थित असते, पण निष्कर्ष हाती लागलेला नसतो. जेवणाच्या पंगतीत माणसे शेजारी बसली म्हणून ती एकमेकांच्या ओढीने आली असे होत नाही. अन्नावर जमलेली गर्दी आणि एकमेकांच्या ओढीने टिकलेली झुंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली कोणती आपल्या पेटीत घडली हे अन्न काढून घेतल्याशिवाय कळत नाही. हा सगळा लेख त्या एका पायरीसाठी आहे. आधीची तयारी तिच्यापर्यंत नीट पोहोचण्यासाठी आणि नंतरचा हिशोब तिचा अर्थ लावण्यासाठी.

अन्नाच्या मांडणीने झुंड का बनू शकते, तेवढे आधी पक्के करू. वाळवंटी टोळ एकाकी अवस्थेत असतो तेव्हा इतर टोळांना टाळतो. हिरवळ सगळीकडे विखुरलेली असेल तर त्याला ते जमते. पण मोजकीच झुडपे उरली की टाळणारेही त्याच झुडपांवर येतात. तिथे अंगाला अंग लागते. मागच्या पायाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला वारंवार स्पर्श झाला की साधारण चार तासांत तोच टोळ इतरांकडे ओढला जाऊ लागतो. या बदलात छातीतल्या चेतागुच्छांमधले (चेतापेशींच्या गाठींमधले) सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारे रसायन वाढते, हे २००९ मध्ये दाखवले गेले. रंग आणि शरीराची ठेवण बदलायला मात्र पुढच्या काती आणि पिढ्या लागतात.

म्हणजे साखळी अशी: अन्न एकवटले, गाठीभेटी वाढल्या, स्पर्श वाढला, ओढ निर्माण झाली, अन्न संपले तरी सोबत टिकली. तुमच्या प्रयोगाला या साखळीतला प्रत्येक दुवा वेगळा मोजता आला पाहिजे.

## टप्पा १: कोणती गर्दी तपासायची ते ठरवा

‘थवा’, ‘झुंड’, ‘टोळी’ हे शब्द आपण सरसकट वापरतो आणि पहिला घोळ तिथेच होतो. संध्याकाळी डोक्यावर घोंगावणारा चिलटांचा खांब बहुतेक वेळा नरांचा असतो आणि तो जोडीदारासाठी जमलेला असतो. अन्नाशी त्याचा थेट संबंध नाही. मधमाश्यांचे मोहोळ फुटते ते सहसा भरभराटीच्या दिवसांत, वसाहत वाढून जागा अपुरी पडू लागली की. अन्न संपल्यामुळे पोळे सोडून जाणे हा निराळा प्रकार. मुंग्यांची रांग गंधखुणांवर चालते. एका मुंगीने अन्न शोधले की ती बाकीच्यांना बोलावते, त्यामुळे तिथे अन्नाची मांडणी आणि निरोप पोहोचवण्याची पद्धत वेगळी काढणे अवघड जाते.

या लेखातली पद्धत पायाने हिंडणाऱ्या, एकमेकांना अन्नाचा पत्ता न सांगणाऱ्या कीटकांसाठी आहे: नाकतोडे आणि टोळ यांची पंख न फुटलेली पिल्ले.

तपासा: आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘तेवढेच अन्न एका जागी ठेवले तर, अन्न काढल्यानंतरही, पिल्ले अधिक जवळ राहतात का?’ या वाक्यातले ‘तेवढेच’ आणि ‘काढल्यानंतरही’ हे दोन शब्द गळले, तर प्रयोग सुरू करू नका.

## टप्पा २: कीटक निवडा

टोळ सांभाळणाऱ्या अधिकृत प्रयोगशाळेत तुम्ही काम करत असाल तर वाळवंटी टोळ किंवा प्रवासी टोळ उत्तम. बाहेर मात्र टोळ आणू नका आणि पाळूही नका. तो पिकांवरचा कीटक आहे, आणि एक निसटलेली मादी पुरेशी असते. बाकीच्यांनी गवतावरचे साधे आखूड मिशांचे नाकतोडे घ्यावेत.

इथे अपेक्षा सरळ ठेवा. बहुतेक नाकतोडे टोळांसारखी अवस्था बदलत नाहीत. त्यांच्या बाबतीत ‘अन्न काढताच पिल्ले पांगली’ हे उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते पूर्ण किमतीचे उत्तर आहे. मांडणीमुळे जमणे आणि ओढीमुळे जमणे यांतला फरक त्यातून स्वच्छ दिसतो. झुंड दिसली नाही म्हणून प्रयोग फसला असे मानून शेवटच्या दिवशी मोजणीची पद्धत बदलणारे पुष्कळ असतात. तसे करू नका.

पिल्ले एकाच जातीची, एकाच वयाची हवीत. पंखांच्या कोंबांची लांबी पाहून वाढीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यातली (दोन कातींमधला काळ म्हणजे एक टप्पा) निवडा. नुकतीच कात टाकलेली पिल्ले मऊ असतात, खात नाहीत आणि इतरांच्या तोंडी सापडतात. कात टाकायच्या बेतात असलेलीही हलत नाहीत. दोन्ही बाजूला ठेवा.

प्रत्येक पेटीत १८ पिल्ले लागतील. दोन मांडण्या आणि प्रत्येकी सहा फेऱ्या धरल्या तर २१६ पिल्ले होतात. आकडा मोठा वाटला तर पेटी लहान करा, पिल्ले कमी करा, पण फेऱ्या कमी करू नका. कारण टप्पा ९ मध्ये येईल.

सावधान: नाकतोडे आणि टोळ यांच्या काती व विष्ठेच्या धुळीची अॅलर्जी होऊ शकते. पेट्या साफ करताना मास्क आणि हातमोजे वापरा. शिंका किंवा डोळ्यांना खाज सुरू झाली तर ते काम दुसऱ्याकडे द्या.

## टप्पा ३: पेटी तयार करा, आणि आधी रिकामी चालवून पाहा

तळ ६० × ६० सेंटिमीटर, उंची निदान ३० सेंटिमीटर, वर बारीक जाळी. तळाला पांढरा कागद अंथरून त्यावर १० सेंटिमीटरचे ३६ चौकोन आखा. भिंतींना आतून टाल्कम पावडर चोळा म्हणजे पिल्ले चढणार नाहीत. बाहेरून चारही बाजूंना पांढरा कागद लावा, नाहीतर ती तुमच्या सावलीला घाबरून पलीकडे पळतील.

प्रकाश आणि ऊब हे इथले खरे शत्रू. नाकतोडे ऊन शेकणारे कीटक आहेत. खिडकीच्या बाजूचा दोन अंशांचा फरकही त्यांना कळतो. एकदा माझ्याच प्रयोगात तीन दिवस सगळी पिल्ले एका भिंतीशी जमत होती आणि मी त्याचे श्रेय अन्नाला देत होतो. चौथ्या दिवशी पेटी सहज अर्धी फिरवली, तेव्हा गर्दीही दुसऱ्या बाजूला गेली, म्हणजे खिडकीकडेच राहिली. तीन दिवसांच्या नोंदी बाद कराव्या लागल्या. म्हणून दिवे वरून, चारही बाजूंनी सारखे हवेत. तापमान २८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवा आणि ते मध्यभागी व चारही कोपऱ्यांत मोजा.

आता अन्न न ठेवता पिल्ले सोडा आणि एक तास दर पाच मिनिटांनी कोणत्या चौकोनात किती आहेत ते लिहा. ही रिकामी फेरी बहुतेक जण वेळ वाचवण्यासाठी गाळतात. पण हीच तुमची मोजपट्टी आहे. ३६ पैकी २० चौकोन भिंतीलगत आहेत. पिल्ले कशाही पसरली तर १८ पैकी साधारण १० तिथे असायला हवीत. दर वेळी १५-१६ असतील तर भिंत त्यांना ओढते आहे. ती ओढ पूर्ण जाणार नाही, पण किती आहे ते माहीत असले पाहिजे.

तपासा: पेटी ९० अंशांनी फिरवून रिकामी फेरी पुन्हा करा. गर्दी खोलीच्या त्याच दिशेला राहिली तर दोष प्रकाशाचा किंवा उबेचा. गर्दी पेटीबरोबर फिरली तर दोष पेटीचा: वास, डाग, वाकडा तळ. तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: अन्न मोजा आणि मांडा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको.

गव्हाचे कोंब घ्या. स्वतः उगवलेले असले तर उत्तम, कारण बाहेरून कापून आणलेल्या गवतावर फवारणीचा अंश असू शकतो. मग पिल्ले सुस्तावतात आणि एका जागी बसतात. त्या बसण्याला गर्दी समजण्याची चूक सहज होते. कोंबांच्या प्रत्येकी २ ग्रॅमच्या १६ जुड्या करा आणि प्रत्येक जुडीची मुळाकडची बाजू ओल्या कापसाच्या बोळ्यात, छोट्या झाकणात बसवा. एकूण अन्न ३२ ग्रॅम. दोन्ही मांडण्यांत तेवढेच, त्याच जुड्या, तेवढीच झाकणे.

एकवटलेली मांडणी: १६ जुड्या चार ओळींत चार अशा, एकमेकींपासून ५ सेंटिमीटरवर. सगळा गट २० × २० सेंटिमीटरच्या जागेत, म्हणजे चार चौकोनांत बसतो.

विखुरलेली मांडणी: त्याच १६ जुड्या चार ओळींत चार, पण १५ सेंटिमीटरवर. पहिली जुडी भिंतीपासून साडेसात सेंटिमीटर आत ठेवली की सगळी पेटी सारखी भरते.

मधली मांडणी हवी असेल तर चार ठिकाणी चार-चार जुड्या ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ती सोडून द्यावी.

या पद्धतीत जुड्यांची संख्या, वजन आणि ओळींची रचना सारखी राहते. बदलते ते फक्त अंतर. सगळे गवत एकत्र ढीग करून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ढिगाच्या आतले गवत कोणालाच मिळत नाही, बाहेरच्या कडेसाठी रेटारेटी होते, आणि मग तुम्ही अन्नाचे वाटप न तपासता अन्नाची टंचाई तपासत असता. दुसरी चूक तितकीच नेहमीची: एका पेटीत एक जुडी आणि दुसरीत सोळा. यात प्रमाण आणि मांडणी दोन्ही एकदम बदलतात, त्यामुळे आलेला फरक कशाचा हे कोणीच सांगू शकत नाही.

एकवटलेला गट दर वेळी मध्यभागी ठेवू नका. पेटीत असे नऊ गट बसतात. १ ते ९ च्या चिठ्ठ्या टाका आणि निघेल तिथे मांडा.

प्रत्येक दिवशी एक झाकण पेटीबाहेर, त्याच उबेत, पिल्लांविना ठेवा. संध्याकाळी त्याचे वजन किती घटले ते पाहिले की सुकण्यामुळे गेलेले वजन कळते. ते वजा केल्याशिवाय ‘किती खाल्ले’ हा आकडा लिहू नका.

सावधान: फक्त कोंबांवर पिल्ले बरेच दिवस ठेवायची असतील तर कोरडा गव्हाचा कोंडाही द्या, आणि तोही मांडणीच्या नियमाने १६ समान वाट्यांत. प्रथिने आणि मीठ कमी पडले की हे कीटक एकमेकांना खाऊ लागतात. मॉर्मन क्रिकेट या उडू न शकणाऱ्या कीटकाच्या टोळ्या पुढे सरकत राहतात त्यामागे हीच भूक आहे: थांबला तो मागच्याच्या तोंडी जातो. तुमच्या पेटीत पाय तुटलेली पिल्ले दिसू लागली तर ती फेरी बाद करा.

## टप्पा ५: पिल्लांना एकेकटे ठेवा, मग सोडा

पकडलेली पिल्ले एकाच डब्यात कोंबून आणली आणि तशीच पेटीत सोडली, तर गर्दीचा अनुभव त्यांना आधीच मिळालेला असतो. म्हणून प्रयोगाआधी तीन दिवस प्रत्येक पिल्लू छिद्रांच्या वेगळ्या डबीत, डब्यांमध्ये कागदाचा आडोसा घालून ठेवा. टोळांच्या बाबतीत एवढे पुरत नाही. दाटीत राहिलेल्या मादीचा प्रभाव तिच्या पिल्लांत उतरतो, त्यामुळे प्रयोगशाळांत ते पिढ्यान्‌पिढ्या एकेकटे वाढवतात.

सोडण्याआधी चार तास अन्न बंद करा, सगळ्यांचे सारखेच. रात्रभर उपाशी ठेवणे टाळा. तेवढ्या भुकेने सगळी पिल्ले पहिल्या जुडीवर तुटून पडतात आणि दोन मांडण्यांतला फरक पुसला जातो.

पिल्ले हातातून एका जागी ओतू नका. त्यांची सुरुवातच पुंजक्याने झाली तर पुढे काय मोजणार? ३६ चौकोनांपैकी १८ चिठ्ठ्या काढा आणि प्रत्येकात एक डबी उपडी ठेवा. सगळ्या ठेवून झाल्या की पाच मिनिटे थांबून डब्या हळूच उचला.

## टप्पा ६: अन्न असताना मोजा

मोजायच्या गोष्टी तीन.

पहिली, जागा. दर अर्ध्या तासाने वरून फोटो घ्या आणि प्रत्येक चौकोनातली पिल्ले मोजा. रेषेवर बसलेले पिल्लू डोके ज्या चौकोनात त्यात धरा. नियम कोणताही चालेल, पण पहिल्या दिवशी ठरवा आणि मोडू नका.

दुसरी, स्पर्श. दर तासाला दहा मिनिटे चित्रीकरण करा आणि एका पिल्लाचे अंग दुसऱ्याला किती वेळा लागले ते मोजा. एकदा लागून सुटले की एक. ही मोजणी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच टाळली जाते. पण साखळीतला मधला दुवा हाच आहे. तो नसेल तर शेवटी ओढ दिसली तरी ती स्पर्शातून आली असावी असे म्हणायला आधार राहत नाही.

तिसरी, खाणे. शेवटी उरलेल्या जुड्यांचे वजन.

सहा तास चालू द्या. दरम्यान एखादे पिल्लू मेले किंवा निसटले तर वेळेसकट नोंद करा. दाटी बदलली की वागणूक बदलते. गोल रिंगणात टोळांच्या पिल्लांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ठरावीक दाटी ओलांडल्यावर वाट्टेल तशी हिंडणारी पिल्ले एकाच दिशेने चालू लागली. तेव्हा ‘दोन-चार कमी झाली तर काय बिघडते’ असे म्हणू नका. दोनपेक्षा जास्त गेली तर ती फेरी धरू नका.

तपासा: दोन्ही मांडण्यांत पिल्लांनी साधारण तेवढेच खाल्ले का? एकवटलेल्या पेटीत बरेच कमी खाल्ले गेले असेल तर तिथली दुबळी पिल्ले उपाशी राहिली आहेत. उपाशी पिल्लू जास्त हिंडते. पुढच्या टप्प्यात ते हिंडणे तुमच्या आकड्यांत मिसळेल.

## टप्पा ७: अन्न काढा

इथवरची सगळी गर्दी फक्त अन्नाची असू शकते. सोळा जुड्या चार चौकोनांत ठेवल्यावर पिल्ले त्या चार चौकोनांत दिसणारच.

सहा तास झाले की दुसरी, तशीच, स्वच्छ पेटी तयार ठेवा. नवा कागद, अन्न नाही. त्याच पेटीतून नुसत्या जुड्या उचलल्या तर चालत नाही. अन्नाचा वास आणि विष्ठा मागे राहते. वाळवंटी टोळाच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे विष्ठेत ग्वायाकॉल हा गंधद्रव्याचा घटक उतरतो आणि तो टोळांना एकत्र राहायला मदत करतो. प्रवासी टोळांत तर चार-पाच जण एकत्र आले तरी ४-व्हिनाइलअॅनिसोल हा बोलावणारा गंध सुटू लागतो, असे २०२० मध्ये दाखवले गेले. जुन्या कागदावर बसलेली पिल्ले सोबत्यांसाठी थांबली, की वासासाठी, की मघाच्या जेवणाच्या जागेसाठी, हे तुम्हाला वेगळे करता येणार नाही.

प्रत्येक पिल्लू वेगळ्या डबीत घ्या, नव्या चिठ्ठ्या काढून नव्या पेटीत चौकोनांवर ठेवा, पाच मिनिटांनी डब्या उचला. मग दहा मिनिटे त्यांना सावरू द्या आणि पुढचा एक तास दर पाच मिनिटांनी जागा मोजा.

हे काम लगेच करा. थोडा वेळ दाटीत राहिल्यामुळे आलेला बदल एकटे ठेवल्यावर काही तासांत ओसरतो. जेवून येतो, मग करतो असे म्हणून पिल्ले डब्यांत ठेवून गेलात तर जे तपासायचे तेच हातातून जाईल. शक्य असेल तर एक जण एकवटलेली पेटी आणि एक जण विखुरलेली पेटी एकाच वेळी हाताळू दे.

सावधान: मोजणाऱ्याला कोणती पिल्ले कोणत्या मांडणीतून आली हे सांगू नका. नव्या पेट्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ लिहा आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा. माहीत असताना मोजणारा, अगदी प्रामाणिक असला तरी, रेषेवरची पिल्ले आपल्याला हव्या त्या बाजूला ढकलतो.

## टप्पा ८: एकट्या पिल्लाची परीक्षा

हा टप्पा जोडला तर प्रयोगाला वजन येते. एक लांबट पेटी घ्या. दोन्ही टोकांना छिद्रे पाडलेला पारदर्शक पडदा. एका पडद्यामागे दहा पिल्ले, दुसऱ्यामागे काही नाही. टप्पा ७ संपलेल्या पेटीतले एक पिल्लू मधोमध सोडा आणि आठ मिनिटे पाहा: कोणत्या अर्ध्यात किती वेळ होते, किती चालले. पडद्याला छिद्रे हवीतच, कारण वाळवंटी टोळांत नुसते दिसणे किंवा नुसता वास पुरेसा ठरत नाही. दोन्ही मिळून परिणाम होतो.

दर दोन पिल्लांनंतर गर्दीची बाजू बदला आणि तळ पुसून घ्या. एका पेटीतली सहा पिल्ले पुरतात.

## टप्पा ९: हिशोब

प्रत्येक मोजणीसाठी चौकोनांमधल्या संख्येचे विचरण (संख्या सरासरीपासून किती पांगल्या आहेत त्याचे माप) काढा आणि त्याला सरासरीने भागा. १८ पिल्ले आणि ३६ चौकोन, म्हणजे सरासरी ०.५.

एक उदाहरण. २२ चौकोन रिकामे, ११ मध्ये एक, दोनमध्ये दोन-दोन आणि एकात तीन पिल्ले. संख्यांच्या वर्गांची बेरीज २८. त्यातून १८ चा वर्ग भागिले ३६, म्हणजे ९ वजा करा: १९. याला ३५ ने भागले की विचरण ०.५४. सरासरीने भागून उत्तर १.०९. दुसरे उदाहरण: २९ चौकोन रिकामे, तीनमध्ये एक, दोनमध्ये दोन-दोन, एकात पाच, एकात सहा. वर्गांची बेरीज ७२, विचरण १.८, उत्तर ३.६.

उत्तर १ च्या आसपास असेल तर पिल्ले कशीही पसरलेली, बरेच जास्त असेल तर पुंजक्यात, बरेच कमी असेल तर एकमेकांना टाळत आहेत, असे पुस्तकी वाचन आहे. पण तुमच्या पेटीत भिंतीची ओढ आहेच, म्हणून १ शी तुलना करू नका. टप्पा ३ मधल्या रिकाम्या फेरीशी करा. चौकोनांचा आकार बदलला तरी उत्तर बदलते. तो शेवटपर्यंत १० सेंटिमीटरच ठेवा.

आता फेऱ्यांचा मुद्दा. एका पेटीतली १८ पिल्ले ही १८ स्वतंत्र उत्तरे नव्हेत. ती एकमेकांवर परिणाम करतात, नाहीतर आपण हा प्रयोगच का करतो? एक पेटी म्हणजे एक उत्तर. एका तासातल्या बारा मोजण्यांचीही सरासरी काढून एकच आकडा धरा. रोज एक एकवटलेली आणि एक विखुरलेली अशी जोडी लावा, दोन पेट्यांच्या जागा रोज बदला, आणि सहा दिवस चालवा. पिल्ले दर वेळी नवी. अन्न काढल्यानंतरचा आकडा सहाही दिवस एकवटलेल्या पेटीत जास्त आला, तर केवळ योगायोगाने तसे होण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे. सहापैकी पाच किंवा अधिक दिवस जास्त येण्याची शक्यता मात्र ६४ मध्ये ७ आहे. तेवढ्यावर ठाम बोलू नका, आणखी दिवस चालवा. किती दिवस वाढवायचे ते मात्र आधी लिहून ठेवा. हवा तो आकडा येईपर्यंत वाढवत गेलात तर हा हिशोब लागू पडत नाही.

## टप्पा १०: उघड्या माळावर पाहायचे असेल तर

पेटीतले उत्तर माळावर जसेच्या तसे उतरत नाही, पण पाहण्यासारखे पुष्कळ असते. सरळ रेषेत ठरावीक पावलांवर अर्ध्या मीटरच्या २० चौकटी टाका. प्रत्येकीत आधी पिल्ले मोजा, मग जमिनीचा किती भाग हिरवा आहे ते लिहा. क्रम उलटा केला तर तुमच्या पायांनी पिल्ले उडून जातात. सावली चौकटीवर पडणार नाही अशा बाजूने जा.

सगळ्या चौकटी एकाच प्रहरी घ्या. सकाळी पिल्ले उघड्या जमिनीवर ऊन शेकायला जमतात आणि रात्री झुडपांवर चढतात. ती गर्दी अन्नाची नव्हे. त्यासाठी ऊब आल्यानंतरची, खाण्याची वेळ निवडा आणि हवामान नोंदवा.

## टप्पा ११: निष्कर्ष लिहिताना, आणि पिल्लांचे काय करायचे

चार परिस्थिती येऊ शकतात.

अन्न असताना गर्दी, अन्न काढल्यावर नाही: ‘एकवटलेल्या अन्नावर पिल्ले जमली. परस्पर ओढ दिसली नाही.’

दोन्ही वेळा गर्दी, स्पर्शही जास्त, आणि टप्पा ८ मध्ये पिल्ले सोबत्यांकडे गेली: ‘एकवटलेल्या अन्नानंतर परस्पर ओढ दिसली.’ ‘स्पर्शामुळे’ हा शब्द तरीही जपून वापरा. स्पर्श तुम्ही मोजला आहे, स्वतंत्रपणे बदललेला नाही.

दोन्ही वेळा गर्दी, पण टप्पा ८ मध्ये ओढ नाही: पेटीत काहीतरी ओढणारे राहिले आहे. टप्पा ३ कडे परत जा.

अन्न असतानाही दोन मांडण्यांत फरक नाही: बहुधा पेटी लहान पडली किंवा पिल्ले जास्त झाली, त्यामुळे विखुरलेल्या मांडणीतही त्यांना एकमेकांना टाळता आले नाही. पिल्ले निम्मी करून पहिल्यापासून चालवा.

गवतावरून पकडलेली निरोगी पिल्ले जिथून आणली तिथेच सोडा, दुसऱ्या जागी नाही. टोळ कधीही सोडू नका. बंद डबीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच टाका. जुन्या कागदांमध्ये आणि कापसाच्या बोळ्यांमध्ये निसटलेली पिल्ले दडून बसतात, म्हणून तेही पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. पेट्या गरम साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय पुढची फेरी लावू नका.